इथे रूपाशी भांडण बाकी

नाझ,

काल सरांनी विचारलं, प्रोजेक्टमधला तुझा भाग काढून टाकायचा का. मी "सांगते" म्हणाले आणि लॅबच्या बाहेर आले. व्हरांड्यात जरा उभी राहिले तर तुझाच आवाज आला. "सांगते म्हणजे कधी? गाडी भरल्यावर?"

पहिल्या वर्षी मेसमध्ये मी तुला सांगून बसले की माझे पप्पा वणी ते नाशिक जीप चालवतात आणि सीट भरल्याशिवाय गाडी हलवत नाहीत. तेव्हापासून तू मला सोडलंच नाहीस. वर्गात मला उत्तर येत असायचं, पण मी हात वर करायची नाही, कारण वाक्य मनात पूर्ण झालेलं नसायचं. तू बाकाखालून पाय मारायचीस. "सुटू दे गं गाडी. एक सीट रिकामी राहिली म्हणून कुणी मरत नाही." तू येवल्याची, एसटीनं येणारी. एसटी वेळ झाली की निघते, आत कितीही माणसं असोत. रूपाली जीप आहे आणि मी एसटी, असं तू नव्या मुलींना ओळख करून देताना सांगायचीस. त्यांना काही कळायचं नाही. आपण हसायचो.

आता मी हे लिहितेय तेही वाक्य पूर्ण न करताच लिहितेय. जमेल तसं.

सर वाईट माणूस नाहीत, तुला माहीत आहे. पण म्हणाले, "रूपाली, मला समजतं. तरी बाहेरचे परीक्षक येणार. त्यांच्यासमोर प्रोग्रॅम अडकला तर काय सांगशील? थ्रेडचा भाग अर्धवट आहे ना? काढून टाक. एका वेळी एकच काम करणारी भाषा दाखव. ती नीट चालते. मार्क सुरक्षित राहतील." मग म्हणाले, "रिपोर्टवरही मग एकच नाव येईल. ते ऑफिसचं आहे, माझ्या हातात नाही. तिचा भाग प्रोजेक्टमध्ये असेल तर मी भांडू शकतो. नसेल तर कशावर भांडू?"

म्हणजे मी तो भाग काढला, तर तू या प्रोजेक्टमध्ये नव्हतीसच. ठेवला, तर उद्या सगळ्यांसमोर तो अडकू शकतो. आणि घरात मी पहिली इंजिनिअर होणार म्हणून आईनं सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय.

आपली भाषा आठवते तशी सांगते. हे इतरही कुणी वाचेल कदाचित, तुझ्या घरचेही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

'पाटी' हे नाव तुझं. गावाकडच्या मुलांना इंग्रजी शब्दांशिवाय प्रोग्रॅम लिहिता यावा, एवढाच आपला हट्ट होता. 'जर', 'नाहीतर', 'परत परत' हे शब्द लगेच ठरले. अडलं ते एकाच शब्दावर. दुसऱ्या फाइलमधलं काम आपल्या प्रोग्रॅममध्ये घ्यायचं, त्याला काय म्हणायचं? अशा फाइलला मॉड्यूल म्हणतात. समजा, बेरजा करणारी 'हिशेब' नावाची एक फाइल आहे. ती आत घ्यायची, वरून खालपर्यंत वाचायची, मग तिच्यातली कामं वापरायची. सर म्हणाले, 'आयात' ठेवा. तू तिथल्या तिथे म्हणालीस, "सर, दुबईवरून यायचंय का ते?" मी 'घे' म्हणत होते. तू म्हणालीस, "घे म्हणजे हातात धरलेलं दिल्यासारखं. आपल्याला कुणीतरी जाऊन आणायला पाहिजे. 'आण' ठेव. आण हिशेब. आण चित्र. अम्मी मागावरून सांगते तसं. आण बेटा, कांडी आण."

आईला फोनवर सांगितलं तर ती घाबरली. "आन? कुनाची आन? पोरींनो, उगा कुनाच्या आना घेऊ नका गं, लय वाईट असतं." तू फोन ओढून घेतलास. "मावशी, आम्ही शपथ नाही घेत, सामान आणतो." पण त्या दिवसापासून ते तुझ्या तोंडात बसलं. प्रोग्रॅम चालला की "आईची आण, चालला!" आणि अडकला की "शपथ मोडली गं."

मग तुला थ्रेड हवे झाले. थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारी वेगवेगळी कामं. त्याचं मराठी 'धागा' करू म्हटलं तर तू हात जोडलेस. "खबरदार. माझ्या घरात उठल्यापासून धागाच आहे. कपड्यांना धागा, चहात धागा. इथे तरी नको." पैठणीवरून एकही उपमा कुणी काढायची नाही, हा तुझा नियम होता. मी पाळतेय बघ.

दोन थ्रेड आले आणि 'आण' बिघडलं. एका थ्रेडनं हिशेब आणायला घेतलं, फाइल अर्धी वाचून झाली, तेवढ्यात दुसरा आला. आणलेल्या फाइलींच्या यादीत हिशेबचं नाव दिसलं म्हणून त्याला वाटलं, तयार आहे. त्यानं बेरीज मागितली आणि बेरीज अजून वाचलीच गेली नव्हती. प्रोग्रॅम कोसळला. कधी कोसळायचा, कधी नाही. आपण परत चालवून बघायचो तर नेमका नीट चालायचा. तू स्क्रीनला म्हणायचीस, "सरांसमोर काय होतं गं तुला?"

उपाय कुलुपाचा होता. एक जण आणत असेल तोवर बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. मी म्हणाले, सगळ्या भाषेला मिळून एकच मोठं कुलूप लावू. कुणीही काहीही आणत असो, दुसऱ्यानं थांबायचं. तू म्हणालीस, "म्हणजे द्वारकेच्या सर्कलला एक ट्रक बंद पडला की अख्खं नाशिक उभं." तुझं म्हणणं प्रत्येक मॉड्यूलला वेगळं कुलूप. ज्याला चित्र हवंय त्यानं हिशेबवाल्यासाठी का थांबावं? ते मला पटलं. पटलं म्हणून मी तसंच लिहिलं. आणि मग खरं संकट आलं.

चाचणीसाठी दोन मॉड्यूल तूच केलीस. एकाचं नाव रूपा, एकाचं नाझ. रूपाच्या पहिल्या ओळीत 'आण नाझ', नाझच्या पहिल्या ओळीत 'आण रूपा'. एका थ्रेडला पाठवलं रूपा आणायला, दुसऱ्याला नाझ. पहिल्यानं रूपाचं कुलूप लावलं आणि नाझसाठी थांबला. दुसऱ्यानं नाझचं लावलं आणि रूपासाठी थांबला. चूक दाखवणारी एक ओळसुद्धा नाही. नुसता कर्सर लुकलुकत राहिला. दुपारच्या लॅबला सगळे जेवून आले तरी तो तसाच.

आपल्याला ते कळायला वेळ लागला नाही, कारण आपण ते करून बसलो होतो. कपाटांचं. संक्रांतीला घरी जाताना मला वाटलं, चावी हरवेल. म्हणून मी माझी चावी तुझ्या कपाटात टाकली आणि माझं कुलूप दाबून बसवलं. दाबलं की बसणारी कुलपं होती ती, लावायला चावी लागत नव्हती. त्याच सकाळी तू अंघोळीला जायच्या आधी तुझी चावी माझ्या कपाटात टाकली होतीस, कारण तुलाही तसंच वाटलं. मग तू तुझं कुलूप दाबलंस. परत आल्यावर मी म्हणाले, "कपाट उघड गं, माझी चावी काढायचीय." तू म्हणालीस, "तू आधी उघड, माझी तुझ्यात आहे." आपण एकमेकींकडे बघत राहिलो. रेक्टर मॅडम आल्या, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "इंजिनिअरिंगलाच आहात ना गं दोघी?"

एकाचं तरी तोडावं लागणार होतं. तू म्हणालीस, "माझं तोडा." शिपाईमामांनी कडीसकट उचकटलं. नंतर तू नवी कडी लावलीच नाहीस. "आहे काय आत? चार ड्रेस आणि रूपाचे चिवडे."

परवा तुझे भाईजान सामान न्यायला आले तेव्हा कुणाला चावी शोधावी लागली नाही. दार नुसतं ओढलं आणि उघडलं. मी खोलीच्या बाहेर जाऊन उभी राहिले.

आता भांडणाकडे येते.

अडकणं ओळखायचं कसं, ते तू शोधलंस. थ्रेडनं थांबण्याआधी विचारायचं: हे कुलूप कुणाकडे आहे? तो कशासाठी थांबलाय? ते कुणाकडे आहे? असं विचारत विचारत साखळी परत माझ्यापाशीच आली, तर थांबण्यात अर्थ नाही, कारण मी माझ्यासाठीच थांबणार. एवढं तू लिहिलंस आणि ते बरोबर चालतं. प्रश्न त्याच्या पुढचा. साखळी फिरून आली हे कळलं. मग करायचं काय?

मी म्हणाले, तिथेच प्रोग्रॅम थांबवायचा आणि स्पष्ट सांगायचं: या दोघी एकमेकींवर अडकल्यात, आधी ते सोडवा. तू म्हणालीस, नाही, समोरची अर्धवट असली तरी आहे तेवढी द्यायची.

"अर्धवट मॉड्यूल कुणाच्या हातात द्यायचं?" मी म्हणाले. "त्यासाठीच तर कुलूप लावलं ना आपण?"

"हो, पण कायमचं थांबण्यापेक्षा बरं."

"नाझ, चूक इथे होईल आणि दिसेल तिकडे दहा फाइल पलीकडे. प्रोग्रॅम लिहिणारा बिचारा पोरगा शोधत बसेल."

"शोधू दे. निदान त्याचा प्रोग्रॅम चालत तरी असेल. आणि सगळं लागतं कुणाला? नाझमधलं एखादंच काम रूपाला हवं असतं, तेही आत्ता नाही, नंतर. तोवर नाझ पूर्ण झालेली असेल."

"आणि नाही झाली तर?"

"तर जेवढी झाली तेवढी."

मी म्हणाले होते, तुमच्या घरी अर्धवट साडी विकतील का? नियम मोडला मी. तू चिडली नाहीस. म्हणालीस, "म्हणूनच तर. महिनोन् महिने मागावर एकच वस्तू, आणि पूर्ण होईपर्यंत तिची किंमत शून्य. मला लहानपणापासून वाटायचं, जेवढं झालंय तेवढं कुणीतरी बघावं की." मग कीबोर्ड स्वतःकडे ओढलास, हे सोडवणारा कोड जिथे यायचा त्या रिकाम्या फंक्शनच्या वर शेरा टाइप केलास आणि मोठ्यानं वाचून दाखवलास: 'इथे रूपाशी भांडण बाकी'. "ताप उतरला की बसू."

तेव्हा तुझा कपाळाला हात होता. मला वाटलं, भांडणाचा ताप म्हणतेयस, माझ्यामुळे डोकं दुखतंय.

तू घरी निघालीस तेव्हा स्टँडवर सोडायला मीच आले होते. तू खिडकीत बसलीस. ओठ सुकले होते, तरी म्हणालीस, "तयारी करून ठेव, आल्यावर भांडू." मला काहीतरी सांगायचं होतं. वाक्य जुळवत होते. सांगायचं होतं की नाझ, मला तुझं अर्धं पटलंय. सगळं नाही, अर्धं. पण अर्धं पटलं असं कुणाला सांगायची मला सवय नाही, म्हणून उरलेलं अर्धं पटतंय का ते मी बघत राहिले. गाडी निम्मी रिकामी होती. कंडक्टरनं बेल मारली आणि ती सुटली.

त्यानंतरचं मला लिहायचं नाही. ते तुझ्या घरच्यांना माहीत आहे, आणि तुला.

येवल्याला आम्ही मुली मिळून आलो होतो. अम्मींनी मला जवळ बसवलं. मी रडायची तयारी करून आले होते आणि रडूच येईना. आतल्या खोलीत माग बंद होता. अब्बा दारापाशी बसले होते, येणाऱ्या प्रत्येकाला नुसती मान हलवत. अम्मी म्हणाल्या, "तूच ना रूपा? वो बोलती थी, मेरी जीपवाली." मग माझा हात तसाच धरून विचारलं, "बेटा, वो तुम्हारी पाटी... हो गई क्या पूरी?"

खरं काय ते मला ठरवता येईना. 'हो' म्हटलं तर खोटं, 'नाही' म्हटलं तर त्यांना काय वाटेल. अम्मींनीच हात थोपटला. "चलो, जितनी हुई." आणि पाणी आणायला उठल्या.

परतीच्या गाडीत मी तेच घोकत होते. जितनी हुई. तू त्यांच्याकडून घेतलं होतंस की त्यांनी तुझ्याकडून?

आणखी एक आठवण आहे, ती मला टाळता येत नाही. एकदा मी तुला विचारलं होतं, "कुलूप लावून बसलेला थ्रेडच मेला तर? बाहेर थांबलेल्यांनी काय करायचं?" खरंच होतं असं. काम करता करता थ्रेड मध्येच संपतो आणि कुलूप त्याच्या नावावरच राहतं. तू सहज म्हणालीस, "मेलेल्यानं कुणाला अडवून धरू नये गं. जाताना कुलूप सुटलंच पाहिजे, तशी सोय मी केलीय." आणि केली होतीस. तो भाग तू पूर्ण केलास. मी आज सकाळी मुद्दाम तपासला, नाझचा थ्रेड मध्येच मारून. कुलूप सुटलं. थांबलेले पुढे गेले. एकदाही चुकलं नाही. मला इतका राग आला तुझा.

रागाच्या भरातच पप्पांना फोन केला. जीप नंबरला लागली होती, मागे दुसऱ्या जीपची पोरं गडावर जाणाऱ्यांना 'गड, गड, गड' ओरडत होती. मी सगळं सांगितलं, थ्रेड न् कुलूप सोडून. की तिचं काम अर्धं राहिलंय, ठेवलं तर माझे मार्क जातील.

पप्पा म्हणाले, "मला त्यातलं काय कळत नाय."

"तुम्ही असता तर काय केलं असतं?"

"मी? मी तर शिटा भरल्याबिगर निघतच नाय." कुणाला तरी म्हणाले, थांब रे जरा. "पन एक सांगू का. गाडीत एक जरी दवाखान्याचं माणूस आसलं ना, तर नाय थांबत मी. रिकामी नेतो. तिथं शिटा मोजायच्या नसतात."

फोन ठेवल्यावर मी लॅबमध्ये जाऊन बसले. तुझी खुर्ची कुणीतरी दुसऱ्या टेबलाला नेली होती, ती परत आणली. फाइल उघडली. शेऱ्याखालचं ते फंक्शन अजून रिकामंच होतं.

माझ्या मनासारखं लिहिणं सोपं होतं. दोन ओळींचं काम. प्रोग्रॅम थांबव, चूक सांग. स्वच्छ आणि सुरक्षित. ते मी लिहिलंही. चालवलं. स्क्रीनवर आलं, 'रूपा आणि नाझ एकमेकींवर अडकल्या आहेत', आणि प्रोग्रॅम बंद. चूक काहीच नव्हतं त्यात. मी ते वाचलं, परत वाचलं, आणि पुसून टाकलं.

मग तुझं लिहिलं. आहे तेवढं द्यायचं. पण एक गोष्ट माझी घातली, रागावू नकोस. गुपचूप द्यायचं नाही. देताना सांगून द्यायचं, म्हणजे पुढे काही मोडलं तर त्या मुलाला कुठे बघायचं ते कळेल. चूक सांगणारा संदेश मराठीत लिहायचा आपला नियमच आहे, म्हणून मी विचार न करता एक साधी ओळ टाइप केली, मॉड्यूलच्या नावाची जागा मोकळी सोडून. आणि चाचणी चालवली. आपलीच, जुनी.

कर्सर थांबला नाही. स्क्रीनवर आलं:

'नाझ अर्धवट आहे. आहे तेवढी दिली.'

आणि प्रोग्रॅम पुढे गेला. शेवटपर्यंत.

तिथे मला रडू आलं. येवल्याला आलं नव्हतं ते सगळं. शेजारच्या टेबलावरच्या मुलांना वाटलं, माझा कोड उडाला. एक जण म्हणाला, "अगं, बॅकअप नाही का?"

चेहरा धुऊन सरांकडे गेले. या वेळी वाक्य जुळवलं नाही. म्हणाले, "सर, तिचा भाग काढत नाही. परीक्षकांनी विचारलं तर सांगेन, हे अर्धवट आहे. म्हणजे चालतं. पण काही वेळा... म्हणजे ते सगळं पटलेलं नाही मला, पण..."

सर म्हणाले, "रूपाली, वाक्य पूर्ण कर."

"एवढंच आहे, सर."

त्यांनी चष्मा काढला, पुसला. ऑफिसशी बोलतो म्हणाले. काय होईल ते माहीत नाही. उद्या अडकेल की चालेल, तेही माहीत नाही. मी चालवून बघतेय तोवर चालतंय, पण थ्रेडचं तू मला शिकवलंयस, नुसतं चालून दाखवलं म्हणून विश्वास ठेवायचा नाही.

जाता जाता सर म्हणाले, "देण्याआधी फाइली नीट कर. ते गमतीचे शेरे वगैरे काढून टाक." मी काढले. 'सर आले तर हे लपव' काढलं. 'चहा झाल्यावर बघू' काढलं. तुझे होते ते बहुतेक सगळे काढले.

एक ठेवलाय. त्याच्याखाली आता फंक्शन भरलेलं आहे, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटेल, हा शेरा चुकून राहिला. राहू दे. अर्धवट मॉड्यूल कुणाच्या हातात देऊ नये, असं मला अजूनही वाटतं, नाझ. निम्मं तरी वाटतं. तू येऊन उरलेलं पटवणार होतीस.